दंतवैद्याच्या शिक्षणात अन्नाचे स्थान

दाढ दुखते म्हणून शाळकरी मुलाला दवाखान्यात नेले, की पुढचा क्रम ठरलेला असतो. किडलेला भाग कोरून काढला जातो, पोकळीत सिमेंट भरले जाते, आणि निघताना ‘गोड कमी खा’ हे तीन शब्द आईच्या कानांवर पडतात. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. तो अपुरा का राहतो, याचे उत्तर डॉक्टरांच्या स्वभावात नव्हे, तर त्यांच्या शिक्षणक्रमात शोधावे लागते.

साखर आणि दात यांचा संबंध ज्या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध झाला, तो स्वीडनमधील लुंड शहरानजीकच्या विपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे चालला होता. तेथील मतिमंद रुग्णांना निरनिराळ्या प्रकारे साखर देण्यात आली. संमती देण्याची कुवत नसलेल्या माणसांवर केलेला हा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि त्याचा डाग त्या ज्ञानावर कायम राहील. पण १९५४ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष मोलाचे ठरले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने दातांची फारशी हानी झाली नाही. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत वारंवार चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. प्रमाणापेक्षा वारंवारता घातक, हा त्यातला धडा होय. आठवड्यातून एकदाच, शनिवारी, मुलांना मिठाई देण्याची प्रथा स्वीडनमध्ये रूढ झाली ती यातूनच.

याचे कारणही साधे आहे. साखर तोंडात गेली, की दातांवरच्या थरातील जंतू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात आणि दातांचे कठीण आवरण विरघळू लागते. लाळ हे आम्ल शमविते, पण त्यास अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा काही गोड पोटात गेले, तर लाळेला उसंतच मिळत नाही.

आता हेच ज्ञान मराठी घरात आणून पाहावे. संक्रांतीला पंगतीत बसून खाल्लेली गूळपोळी फारशी दोषी ठरत नाही. दोष जातो तो कचेरीत दर दीड तासाने येणाऱ्या साखरेच्या चहाकडे, त्यात बुडविलेल्या बिस्किटाकडे, शाळेच्या फाटकाबाहेरच्या गोळ्यांकडे आणि झोपताना बाळाच्या तोंडात दिलेल्या गोड दुधाच्या बाटलीकडे. सणाची पुरणपोळी वर्ज्य करून दिवसाकाठी सहा कप चहा घेणारा कारकून आपण पथ्य पाळतो आहोत असे समजत असेल, तर त्याला कोणी नीट समजावलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

समजावणार कोण? भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमांत पोषण व आहारशास्त्र हा विषय नाही असे नाही. तो पहिल्या वर्षी आहे. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्या शेपटाला बांधलेला. जीवनसत्त्वांची नावे, त्यांच्या अभावाचे रोग, उष्मांकांचे हिशेब हे सारे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळा होतो. त्याला रुग्ण पाहावयास मिळतो तो तिसऱ्या वर्षी. तोवर क जीवनसत्त्वाअभावी हिरड्यांतून रक्त येते, एवढेच काय ते स्मरणात उरलेले असते. बालदंतचिकित्सेत रुग्णाच्या आहाराची नोंदवही भरण्याची पद्धत आहे खरी. परंतु ती भरण्याचे कसब आणि कवळी बसविण्याचे कसब यांना शिक्षणात सारखे वजन आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

विषयाची दुसरी बाजू तर आणखीच दुर्लक्षित आहे. अन्नाने दात बिघडतात, तसे दात गेल्याने अन्नही बिघडते. दाढा गेलेल्या म्हाताऱ्याला ज्वारीची भाकरी, काकडी, शेंगदाणे सुटतात. उरतो चहा-पाव आणि मऊ भात. तो मधुमेही असेल, तर हा बदल त्याला महागात पडतो. कवळी देणाऱ्याने ‘आता काय खाता?’ हा प्रश्न विचारणे म्हणूनच सौजन्य नव्हे, तो उपचाराचा भाग होय.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो खोटा नाही. दंतवैद्याला पैसे मिळतात ते दाढ भरण्याचे, मुळावरील उपचाराचे, कवळीचे. वीस मिनिटे आहारावर बोलण्याचे शुल्क कोण देणार? शिवाय बाजार उलट्या दिशेने ओढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत टूथपेस्ट आणि टूथब्रश १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, हे स्वागतार्ह. पण त्याच दिवशी बिस्किटे आणि चॉकलेटेही १८ वरून ५ टक्क्यांवर आली. करआकारणीने दात घासणे आणि दात किडविणे या दोहोंना सारखीच सवलत दिली. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ जेथे रोवली गेली, त्या प्रवरानगराशेजारी लोणीला दंतमहाविद्यालयही आहे. उसाचा आणि दाढेचा हिशेब एकाच पंचक्रोशीत मांडता यावा, अशी ही सोय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा दंतक्षयाचा पुरावा हा तिचा एक मुख्य आधार होता. राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. शिक्षणक्रमाची फेरमांडणी करण्यास याहून योग्य निमित्त शोधण्याची गरज नाही. त्यासाठी नवा विषय नको, नवी इमारत नको. पहिल्या वर्षाचे आहारशास्त्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी रुग्णाच्या खुर्चीपाशी आणावे. विद्यार्थ्याने एका कुटुंबाचे चार दिवसांचे खाणेपिणे वेळेनिशी लिहून घ्यावे, त्यातला एकच बदल त्या घराच्या ऐपतीत बसेल असा सुचवावा, आणि महिन्याने तो टिकला की नाही हे पाहावे. प्रात्यक्षिक परीक्षेत याला दाढ भरण्याइतके गुण असावेत. गुण नसतील, तर ही वही आदल्या रात्री एकमेकांच्या वह्यांवरून उतरविली जाईल, हे कोणत्याही महाविद्यालयातला शिक्षक सांगू शकेल.