जुनी मोटार रस्त्यावर आणताना

बेळगाव, इंदूर किंवा बडोदे यांसारख्या गावांत जुन्या वाड्याच्या आवारात अजूनही एखादी फियाट ताडपत्रीखाली उभी असलेली दिसते. घरातल्या कर्त्या पुरुषाने ती १९६५-६६ च्या सुमारास, नंबर लावून आणि वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली असते. पुढे ती मागे पडते. आणि मग एके दिवशी नातवाच्या मनात येते की, ही गाडी पुन्हा चालू करावी, आणि ती मिरवणुकीपुरती नव्हे, तर रोज कचेरीला नेण्यासाठी. हौस स्तुत्य आहे. परंतु या हौसेचा पहिला रुपया बहुधा रंगाऱ्याच्या हाती पडतो. पत्रा चकाकू लागतो, बैठकांना नवे रेक्झिन चढते, आणि पैसे संपत आल्यावर ध्यानात येते की गाडी उत्तम चालते, पण हवी तेथे थांबत नाही.

फियाट ११०० ची घडण समजून घेतली म्हणजे खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने बाहेर पडलेली ही गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन, पुढे स्प्रिंगा, मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, असा तिचा संसार. ज्या काळी रस्त्यावर बैलगाडी, सायकल आणि एस.टी. एवढीच सोबत असे, त्या काळाला हे सारे पुरेसे होते. आज तिच्या पुढे धावणाऱ्या मोटारीला डिस्क ब्रेक असतात आणि चाक घसरू न देणारी विद्युत् यंत्रणाही असते. ती मोटार अचानक थांबली तर मागची फियाट तितक्याच अंतरात थांबू शकत नाही.

येथे थोडे गणित पाहणे इष्ट ठरेल. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवाय ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते; म्हणजे चालकाच्या डोळ्यांनी धोका पाहिला आणि पाय ब्रेकवर पोहोचला, एवढ्या अवधीतच चार-पाच मोटारींची लांबी ओलांडली जाते. जुन्या गाडीला ताशी ५०-६० चा वेग शोभतो असे जाणते मिस्त्री म्हणतात. त्यात केवळ जुन्याचा मान नाही. त्यामागे हा हिशेब आहे.

ब्रेकच्या दुरुस्तीत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या तेलात पाणी मुरलेले असतेच. पाणी मुरले की तेलाचा उत्कलनबिंदू खाली येतो. आता अशी गाडी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरू लागली, आणि चालकाने सारी भिस्त ब्रेकवर ठेवली, तर ड्रम तापतात, तापून प्रसरण पावतात, लायनिंगची पकड कमी होते आणि अखेर व्हील सिलिंडरमधील तेल उकळून त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल थेट तळाला टेकते आणि चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही. ज्या गिअरवर चढ चढता येईल त्याच गिअरवर उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक याच अनुभवातून आलेला आहे. वर्ष-दोन वर्षांनी सगळे तेल बदलणे हा त्यावरचा अगदी स्वस्त उपाय होय.

दुसरे वैगुण्य रचनेतच आहे. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत एकाच मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना तेल जाते. कोठेही एक रबरी नळी फुटली तर चारही ब्रेक एकदम जातात. उरतो तो केवळ हातब्रेक. म्हणून दोन स्वतंत्र कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर बसवून पुढच्या व मागच्या चाकांच्या नळ्या वेगळ्या करणे, ही जुन्या गाडीत करण्याजोगी पहिली मोठी सुधारणा आहे. डिस्क ब्रेकचा मोह त्यानंतरचा. नीट घासून एकजीव केलेले ड्रम, नवी लायनिंग आणि गळती नसलेले सिलिंडर असतील, तर मूळ ब्रेकही आपले काम चोख करतात. “दोन पंप मारले की लागतो” असे ज्या ब्रेकविषयी सांगितले जाते, तो ब्रेक दुरुस्त झालेला नाही असेच समजावे. आणखी एक गोष्ट: जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून उडवण्याची सवय गॅरेजात सर्रास दिसते. ती फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी.

टायरच्या बाबतीत नक्षी पाहून फसगत होते. वापर नसलेल्या गाडीचे टायर कोरे दिसतात, पण रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. तिचे पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘१२१४’ म्हणजे २०१४ चा बारावा आठवडा. मूळ गाडीला क्रॉसप्लाय टायर होते; आता रेडियल बसवायचे तर चारही चाकांना बसवावेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय अशी खिचडी झाली की वळणावर गाडीचा मागचा भाग अवचित बाहेर फेकला जातो.

स्टिअरिंगची परीक्षा सोपी आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर किंग पिन, बुश किंवा बेअरिंग झिजले आहे. आडवे धरून हलवल्यास टाय रॉडची झीज कळते. या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस हवे असते, आणि नव्या मोटारींच्या सवयीमुळे नेमके तेच विसरले जाते.

आसनपट्ट्यांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. भारतात पुढच्या आसनांना पट्टे सक्तीचे झाले १९९४ मध्ये. त्यापूर्वीच्या गाडीत त्यांची जागाच नसते. जुन्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा सरळ व अलवचीक असतो. टक्कर होताच तो चालकाच्या छातीवर येतो. तेव्हा पट्टा हवाच. पण गंजलेल्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला, तर धक्क्यासरशी पत्र्यासकट पट्टा उपटून येईल. आधी तळाचा गंज काढून नवा पत्रा वेल्ड करावा आणि बोल्टच्या मागे जाड पोलादी पट्टी द्यावी. ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याआधीच्या गाडीचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूच्या बिजागरींवर उघडतात. चालत्या गाडीत कडी सुटली तर वारा दरवाजा उपटून काढतो. तेथे पट्ट्याइतकेच कडीचे महत्त्व आहे.

इंधनाकडेही पाहावे लागते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पडदे त्याने फुगतात, चिरतात, आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ पेट्रोल ठिबकू लागते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि हाताशी एक लहान अग्निशामक, एवढा खर्च टाळू नये. मागच्या काचेत उंचावर एक जादा ब्रेकचा दिवा बसवला तर तो शंभर रुपयांच्या कामात मोठे रक्षण करतो, कारण जुन्या गाडीचे मूळ दिवे उन्हात मागच्याला दिसतच नाहीत.

कायद्याची एक बाब मालकाने आधीच ठरवावी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. परंतु ती गाडी रस्त्यावर नित्य वापरता येत नाही. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवून, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. मूळ रचनेत मोठा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची संमतीही लागते.

काम पुरे झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या, सपाट रस्त्यावर करावी. ताशी ३० च्या वेगाने ब्रेक दाबताना स्टिअरिंग किंचित सैल धरून गाडी कोणत्या बाजूला ओढते ते पाहावे. दहा-बारा किलोमीटरनंतर थांबून चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन ऊब ताडावी; एक चाक इतरांहून अधिक तापलेले असेल तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे, आणि एक अगदी गार असेल तर तो लागतच नाही.