परिचारक टिकावा कसा?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद वर्णिलेले आहेत, हे आपणां सर्वांस ज्ञात आहे. भिषक् आणि द्रव्य या दोन पादांवर आपल्या परिषदांतून उदंड चर्चा होते. उपस्थात्याच्या वाट्याला मात्र प्रास्ताविकातील एखादे वाक्य येते. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण. यांपैकी तीन शिकवता येतात. अनुराग शिकवून येत नाही. आणि तो नसेल तर उरलेले तीन गुण घेऊन आपला परिचारक सुरतेची गाडी पकडतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच जाणवतो. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. धडगाव-अक्कलकुव्याकडील रुग्णेशी पावरी वा भिलीत बोलून तिच्या तक्रारीचा नेमका अर्थ आम्हांस सांगणारी परिचारिका निघून गेली, तर तिची जागा वर्तमानपत्रातील जाहिरातीने भरून येत नाही.

आमचाच एक प्रमाद येथे नमूद करतो. आमच्या छोट्या रसशाळेत सात वर्षे तैलपाक पाहणारा एक सहकारी होता. कल्काची वात वळून ती अग्नीवर धरली असता चटचट आवाज होतो की नाही, तेलावर फेस केव्हा येतो, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. एके दिवशी रुग्णांसमक्ष आम्ही त्यास क्षुल्लक कारणावरून कठोर बोललो. तो काहीच बोलला नाही. महिनाअखेरीस हिशेब मागितला. पुढच्याच पाकात नवख्या मुलाच्या हातून वीस लिटर तेल बिघडले. खरपाक झाला असता तर निदान अभ्यंगास उपयोगी पडले असते. तो थेट दग्धपाक होता! वेतनात वाढ देऊ केली, तरी तो परतला नाही. वेतन हे त्याचे कारणच नव्हते.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. चूक झाल्यास ती दार लावून, एकट्यास सांगावयाची. बिब्ब्याचे शोधन ज्याच्याकडे असेल त्यास हातमोजे व खोबरेल तेल आधी द्यावयाचे, फोड आल्यावर नव्हे. मिरी-पिंपळीचे चूर्ण दळताना नाकातोंडावर आच्छादन हवेच. बाष्पस्वेदाच्या खोलीत वैशाखात लागोपाठ दोन रुग्ण एकाच परिचारकाकडे देऊ नयेत. आपण रुग्णाचे बल पाहतो, मग परिचारकाचे का पाहू नये?

रसशाळाचालकांसाठी यातील काही भाग ऐच्छिक नाहीच. २००० साली लागू झालेल्या शेड्यूल टीमध्ये कामगारांची स्वच्छ वस्त्रे, कपडे बदलण्याची सोय, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, प्रथमोपचार आणि वार्षिक वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांस त्यातून सूट आहे खरी. पण ही सूट कायद्यापुरती. निरीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी साबण-टॉवेल ठेवणारे चालक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडील माणसेही ते पाहतच असतात.

रजेचा विषय सर्वांत नाजूक. सातपुड्यात होळी हा वर्षाचा मोठा सण. त्याआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि बावा-बुध्या होणारे काही दिवस कडक व्रत पाळतात. त्या काळात रजा नाकारणे म्हणजे माणूस गमावणे. पूर्वी आम्ही रजा नाकारत असू. माणसे न सांगता जात, आणि संकोचाने पुष्कळदा परतच येत नसत. आता माघातच सर्वांना एकत्र बसवून कोण केव्हा जाणार हे ठरते. रजेचे वेतन कापले जात नाही. त्याबदल्यात दिवाळीत तीच मंडळी आपण होऊन काम वाटून घेतात.

वमन-विरेचनाचे नवे रुग्ण होळीच्या आठवड्यात आम्ही घेत नाही. तशी पाटी पंधरा दिवस आधी दारावर लागते. काही रुग्ण कुरकुर करतात, बहुतेक जण पुढची तारीख घेऊन जातात.