विट्याहून फोन येतो तेव्हा...

तुम्ही आयटीत नसलात तरी चालतं. पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात दिवसभर कंप्यूटरसमोर बसता ना? झालं तर मग! गावाकडे तुम्ही एक्स्पर्टच. आणि गाव विटा असेल, तर रविवारी सकाळी फोन ठरलेला. "भाऊजी, पोराला अभ्यासाला कंप्यूटर घ्यायचाय. कुठला घेऊ?"

इथं गंमत म्हणून काहीतरी मॉडेल सांगून मोकळं होऊ नका. त्या घरात यंत्रमागाचे हप्ते असतील. किंवा मुलाचे वडील गलाईच्या व्यवसायासाठी दूर दुसऱ्या राज्यात असतील आणि खरेदी एकट्या वहिनींच्या गळ्यात असेल. तुमच्या एका वाक्यावर त्या काही महिन्यांची बचत खर्च करणार आहेत.

आधी सॉफ्टवेअर, मग डबा

बहुतेक जण उलटं करतात. आधी मशीन घेतात आणि मग त्यावर काय चालेल ते शोधतात. तुम्ही पहिला प्रश्न विचारा, पोरगं कितवीत आहे?

बालवाडी ते चौथीसाठी 'जीकॉम्प्री' बघा. अक्षरं, आकडे, घड्याळ, कोडी असे शंभराहून जास्त खेळ त्यात आहेत. चित्रांसाठी 'टक्स पेंट'. पाचवीच्या पुढे एमआयटीचं 'स्क्रॅच', म्हणजे ठोकळे जोडत प्रोग्रॅमिंग. हायस्कूलला भूमितीसाठी 'जिओजेब्रा' आणि विज्ञानासाठी 'फेट'. नोबेल विजेते शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या या 'फेट'मधले अनेक प्रयोग मराठीत आहेत. जोडीला बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतातच.

आता खरी बातमी. यातलं सगळं घरच्या वापरासाठी फुकट आहे! आणि एकदा उतरवून घेतलं, की यातलं जवळपास सगळं इंटरनेटशिवाय चालतं. वर्गणीवाल्या टॅबलेटच्या जाहिरातीला भुलण्याआधी हे आठवा. बायजूजसारख्या बड्या कंपनीवर जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा अभ्यास त्या कंपनीच्या तब्येतीवर अवलंबून असतो.

सेकंडहँड? हो, पण...

ही सॉफ्टवेअर्स हलकी आहेत. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आठ जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी आणि डोळ्यांना त्रास न देणारा मोठा स्क्रीन, बस्स! एसएसडीवर मात्र तडजोड नको. जुन्या हार्ड डिस्कचं मशीन सुरू होईपर्यंत पोराचा मूड गेलेला असतो.

ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप यासाठी बेस्ट. फक्त एक ग्यानबाची मेख आहे. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 प्रत्येक जुन्या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, शिवाय टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप हवी. दुकानदाराला मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. मशीन त्यात नापास झालं आणि किंमत अगदीच कमी असेल, तर लिनक्स मिंट टाका. जीकॉम्प्री, टक्स पेंट, जिओजेब्रा सगळं त्यावर चालतं. स्क्रॅच ब्राउझरमध्ये उघडायचं.

डेस्कटॉप की लॅपटॉप?

लॅपटॉपला बॅटरी असते. लाइट गेली तरी धडा अर्धवट राहत नाही आणि बाबांशी व्हिडिओ कॉल करायला कॅमेराही आयताच मिळतो. डेस्कटॉपला यूपीएस घ्यावाच लागतो, तोही काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच. पण डेस्कटॉप स्वस्तात दुरुस्त होतो. कीबोर्डवर चहा सांडला, तर फक्त कीबोर्ड बदलायचा. आणि सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे तो उचलून पांघरुणात नेता येत नाही!

लहान मुलांच्या घरात माझं मत म्हणूनच डेस्कटॉपला. तो सोप्यात ठेवा, येता-जाता आजीला स्क्रीन दिसेल असा. मुलाचं वेगळं अकाउंट करा, पासवर्ड आईकडे ठेवा. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, तो सुरू करून द्या.

सातचा भोंगा

शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. लॉकडाउननंतर पोरं मोबाइल सोडेनात, म्हणून ऑगस्ट 2022 मध्ये या गावानं एक शक्कल लढवली. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, पुस्तकं उघडी. पुढे या प्रयोगाची दखल देशाबाहेरही घेतली गेली.

वहिनींना हेही सांगा. कंप्यूटर आला म्हणून अभ्यास आपोआप होत नाही. रोज ठरलेली वेळ हवी आणि पहिले काही दिवस शेजारी बसणारं माणूस हवं. ते काम मोठी बहीण करू शकते, आजोबा करू शकतात. नाहीतर पुढच्या सुट्टीत विट्याला गेलात, की तुम्हीच दोन दिवस बसा. मशीन सेट करून द्यायला तसंही तुम्हालाच बोलावणार आहेत!