तारांगणातील इतिहास

दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात पंडित जवाहरलाल नेहरू पंतप्रधान असताना राहत असत. त्याच भवनाच्या आवारात १९८४ साली त्यांच्या नावाचे तारांगण उघडण्यात आले. शाळांतील मुले तेथे येतात ती ग्रहतारे पाहावयास. परंतु त्या घुमटाखाली इतिहासाचाही पाठ देता येतो, आणि तो पाठ्यपुस्तकातील पाठाहून निराळा असतो.

तारांगणाच्या यंत्राला स्थळ आणि काळ एवढेच सांगावे लागते. काळ मागे नेला, की तेच यंत्र शेकडो वर्षांपूर्वीचे आकाश उभे करते. यात कल्पनेचा भाग नाही. सूर्यचंद्रांच्या गती गणिताने ठाऊक आहेत. शिवाय पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे डुलत असून त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पुरा होतो. त्यामुळे संपातबिंदू ७२ वर्षांत सुमारे एक अंश सरकतो, आणि ताऱ्यांची उगवण्याची ठिकाणेही सावकाश बदलत जातात.

कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. या फरकावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी त्या वचनाचा काळ शकापूर्वी सुमारे ३,००० वर्षे असा काढला. त्या वचनाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण दीक्षितांचे गणित विद्यार्थ्याला घुमटावर प्रत्यक्ष पाहता येते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात झाला, असे काही बखरींवरून मानले जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली. इंग्रजी जुन्या गणनेप्रमाणे हा दिवस १९ फेब्रुवारी १६३० चा होय. शिवनेरीवरचे त्या रात्रीचे आकाश घुमटावर आणले, तर पौर्णिमा उलटून गेलेला चंद्र हस्ताच्या परिसरात उगवताना दिसतो. मुलांना हर्ष होतो, तो साहजिकच.

परंतु खरा पाठ येथूनच सुरू होतो. फाल्गुनी पौर्णिमेचा चंद्र फल्गुनी नक्षत्रांच्या आसपास असतो. तेव्हा वद्य तृतीयेला तो हस्ताजवळ येणे ही जवळजवळ प्रत्येक वर्षाची गोष्ट आहे. वर्षावर्षातील भेद दाखवितो तो वार, आणि वार आकाशात दिसत नाही. तो गणितानेच काढावा लागतो. त्या दिवशी शुक्रवारच येतो. म्हणजे नोंद स्वतःशी सुसंगत आहे, इतके सिद्ध झाले. त्या दिवशी जन्म झाला, हे मात्र कागदांच्या साक्षीवरूनच ठरावयाचे. आकाश हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. हा भेद सांगितला नाही, तर घुमटावर दाखविलेली कोणतीही दंतकथा मुलांना इतिहासाइतकीच खरी वाटेल; कारण अंधारात डोळ्यांसमोर तारे चमकले, की शंका घेण्याचे भान राहत नाही.

म्हणून तारांगणातून निघालेल्या मुलांना दिल्लीतच असलेल्या जंतरमंतरावरही न्यावे. जयपूरचे सवाई जयसिंह यांनी १७२४ साली ही वेधशाळा उभारली. प्रचलित सारण्यांवरून काढलेली ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पितळेच्या लहान यंत्रांनी समाधान होईना, तेव्हा त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. सम्राट यंत्राची तिरपी भिंत दिल्लीच्या अक्षांशाइतकी, सुमारे २८ अंश ३७ कला, कललेली असून ती ध्रुवाकडे रोखलेली आहे. आज भोवतीच्या उंच इमारतींनी तेथले क्षितिज झाकले आहे. तरीही दुपारची सावली पाहून मुलांना वेळ वाचता येते, आणि ती घड्याळाशी का जुळत नाही, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो.