गाभा एक, कारखाने अनेक

रेठरे बुद्रुकचा कृष्णा काय किंवा साखराळ्याचा राजारामबापू पाटील काय, साखर कारखान्याच्या कामाचा क्रम एकच: ऊसनोंद, तोडणी, वजनकाटा, बिल. फरक असतो तो तोडणी-वाहतुकीचे दर, कपाती, डिस्टिलरी, सहवीजनिर्मिती यांत. अशा कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिताना सोपी वाट म्हणजे जुन्याची प्रत काढून हवे तिथे बदलणे. पण २००९ मध्ये उसाच्या दरासाठी एसएमपी (किमान वैधानिक किंमत) जाऊन एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आली, तसा नियम बदलला की प्रत्येक प्रत वेगळी दुरुस्त करावी लागते. एखादी राहिली, की शेतकऱ्याचे बिल चुकते.

यावरचा उपाय म्हणजे ‘प्रॉडक्ट लाइन’. सगळ्या प्रती शेजारी ठेवून त्या नेमक्या कुठे वेगळ्या आहेत ते शोधायचे. हेच सर्वांत चिकाटीचे काम, आणि माझ्या मते खरे कामही हेच. समान भाग गाभ्यात जातो. प्रत्येक फरकाला नाव आणि ठरलेली जागा मिळते. मग नव्या कारखान्यासाठी कोड नव्याने लिहायचा नाही, पर्याय निवडायचे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी ‘प्रोग्रॅमची कुटुंबे’ ही कल्पना १९७६ मध्ये मांडली. स्वीडनच्या सेल्सियसटेक कंपनीने १९८० च्या दशकापासून युद्धनौकांच्या प्रणाली याच रीतीने बांधल्या. सुरुवातीचा खर्च मात्र जास्त. एकाच कारखान्याचे काम असेल, तर हा खटाटोप करू नये.