नावात २००५, अंमल २००६ पासून, वाजंत्र्यांना २००८

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या गोंगाटाला आवर घालणारे जे नियम आहेत, त्यांच्या नावात २००५ हे साल आहे. म्हणून ते २००५ पासून लागू झाले, असं बरेच जण बिनदिक्कत सांगतात. प्रत्यक्षात ते लागू झाले ६ एप्रिल २००६ रोजी. आपल्याकडेही काही वेगळं नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता नावाने २०२० ची, पण अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कायद्याच्या नावात त्याचं जन्मसाल असतं. नोकरीवर रुजू झाल्याची तारीख आत शोधावी लागते.

दुसरा समज असा की, २००६ पूर्वी तिथे मोकळं रान होतं. तसं नव्हतं. १९८९ चे नियम १ जानेवारी १९९० पासून चालू होते. त्यांत मालकाने हातपाय हलवण्याचे दोन टप्पे होते, ८५ आणि ९० डेसिबल. युरोपीय संघाने फेब्रुवारी २००३ मध्ये नवा निर्देश काढला आणि सदस्य देशांना १५ फेब्रुवारी २००६ पर्यंत मुदत दिली. ब्रिटनने ती सात आठवड्यांनी हुकवली खरी, पण दोन्ही टप्पे खाली आणले: ८० आणि ८५.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो संगीत आणि करमणुकीच्या धंद्यात. पब, नाइटक्लब, नाट्यगृहं, वाद्यवृंद यांना नवे नियम ६ एप्रिल २००८ पासून लागू झाले. तिथल्या काही मालकांना ही दोन वर्षांची सुट्टीच वाटली असेल, तर नवल नाही. पण ती सूट नव्या आकड्यांपुरती होती. मधल्या काळात या लोकांवर १९८९ चे जुने नियम चालूच होते. शिवाय कारखान्यात रेडिओ लावला म्हणून कारखाना ‘करमणुकीत’ मोडत नव्हता. ही पळवाट नियमाच्या व्याख्येनेच बंद केली होती.

आता आकड्यांकडे येऊ. ‘नव्वदाचे पंच्याऐंशी केले, पाचाने असा काय फरक पडतो?’ हा प्रश्न विचारणारा माणूस डेसिबल किलोसारखे मोजत असतो. डेसिबलची मोजपट्टी तशी नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलच्या यंत्राशेजारी तसंच दुसरं यंत्र चालू केलं तर १७० होत नाहीत, ८८ होतात. हाच हिशेब उलटा लावला, तर नव्वदावरून पंच्याऐंशीवर येणं म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशाहूनही खाली आणणं. वेळेचंही तसंच. ८ तास ८५, ४ तास ८८, २ तास ९१ आणि १ तास ९४ डेसिबल, या सगळ्यांत कानावर पडणारा एकूण मारा सारखाच. म्हणून या नियमांतले ८० आणि ८५ हे आकडे यंत्राचे नसून कामगाराच्या आठ तासांच्या दिवसाचे आहेत. मीटर घेऊन एकदा शेडमधून फेरी मारली आणि आकडा वहीत टिपला, एवढ्याने ते कळत नाहीत. ठोकाठोकीसारख्या क्षणिक दणक्यांसाठी वेगळे आकडे आहेत, ते १३५ पासून सुरू होतात.

नियमांत ८७ हा तिसरा आकडाही आहे, आणि त्याचा अर्थ लावताना भलेभले चुकतात. ‘सत्त्याऐंशीपर्यंत काही करायला नको’, असं त्यावरून समजलं जातं. खरं तर मालकाचं काम ८० लाच सुरू होतं: धोक्याचा अंदाज घ्यायचा, कामगारांना माहिती द्यायची आणि मागतील त्यांना कानरक्षक द्यायचे. ८५ ला यंत्रावर आच्छादन घालून, जागा बदलून किंवा पाळ्या फिरवून कानावरचा मारा मुळातच कमी करावा लागतो, आणि उरलेल्यासाठी कानरक्षक सक्तीचे होतात. ८७ ही ओलांडायचीच नाही अशी रेषा आहे, पण ती कानरक्षक घातल्यानंतर कानात पोचणाऱ्या आवाजावर मोजतात. ८० आणि ८५ मात्र उघड्या कानाने मोजायचे. त्यामुळे ‘आमच्याकडे सगळे इअरमफ घालतात, म्हणजे आम्ही पंच्याऐंशीच्या आत’ हे म्हणणं नियमाला मान्य नाही.

कानरक्षकांवरचा विश्वासही जरा तपासून घ्यावा. डब्यावर ३० डेसिबल लिहिलेलं असतं. ते आठ तासांपैकी साडेसात तास घातले आणि फोरमनशी बोलायला, घाम पुसायला म्हणून एकूण अर्धा तास काढले, तर उरतं किती? गणिताने साधारण १२ डेसिबल. त्या अर्ध्या तासात कानात जे शिरतं, ते बाकीच्या सगळ्या दिवसावर भारी पडतं.

मराठी वाचकाचा इथे आणखी एक घोटाळा होण्याची शक्यता आहे. गणपतीतल्या डीजेच्या भिंतींवरून वाद रंगतो तेव्हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे आकडे आपल्या कानावर येतात. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ डेसिबल. ती मर्यादा परिसराची, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. शेडच्या आत उभ्या असलेल्या कामगाराची नव्हे. त्याच्यासाठी आपल्याकडे आठ तासांना ९० हा आकडा रूढ आहे, आणि अमेरिकेसारखीच पाचाची पायरी: ९५ असेल तर चार तास चालतं. ब्रिटनच्या पंच्याऐंशीच्या टप्प्यावर आणि तिनाच्या पायरीने तोच हिशेब केला, तर ९५ डेसिबलमध्ये ४८ मिनिटांतच दिवसाचा कोटा संपतो. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पाळी करणाऱ्याच्या कानाला या दोन गणितांतला फरक नक्कीच कळेल. आणि परिसराच्या नियमांच्या उलट, ब्रिटनचे २००५ चे नियम फक्त काम करणाऱ्यासाठी आहेत. क्लबात नाचायला आलेल्या गिऱ्हाइकाचे किंवा वरच्या मजल्यावर झोप उडालेल्या शेजाऱ्याचे कान त्यांत येत नाहीत. बारमध्ये ग्लास भरणाऱ्या पोऱ्याचे येतात.

‘कान सरावतात’ हा तर सगळ्यात जुना समज. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने १८८६ मध्ये बॉयलर बांधणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. एकाचीही श्रवणशक्ती धड निघाली नाही. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायकांनी ओठ ताणून, अतिशयोक्त हालचालींनी बोलायची एक रीतच काढली होती, तिला ‘मी-मॉ’ म्हणत. गिरणीबाहेरच्याला गंमत वाटावी असा तो प्रकार. पण सरावली होती ती बोलायची आणि बघायची पद्धत. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. कानठळ्या बसल्या तरच इजा होते, हेही खरं नाही. दोन मीटरवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज ८५ च्या आसपास आहे असं धरावं.

आणि ‘संगीत म्हणजे काही गोंगाट नव्हे’? हा वाद न्यायालयात लढला गेला. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूरे’ची तालीम चालू होती. व्हायोला वाजवणाऱ्या एका कलाकाराची खुर्ची पितळी वाद्यांच्या अगदी पुढे होती. त्याच्या कानाला कायमची इजा झाली. इथे आवाज हाच आमचा माल, तो कमी कसा करणार, असा संस्थेचा युक्तिवाद. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला: हे नियम कारखाना आणि ऑपेरा हाउस यांच्यात फरक करत नाहीत. २०१९ मध्ये अपिलात निकालाच्या काही भागाला कात्री लागली, पण संस्थेची जबाबदारी कायम राहिली.