बोअरची चावी

उन्हं कलली आहेत, तरी कडुनिंबाखालची सातरंजी अजून गरमच आहे. बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, पोरं टाकीच्या चौथऱ्यावर. मालेगाव-शेलुबाजार रस्त्यावरून ट्रक गेला की बोलणारा थांबतो, ट्रक पुढे गेला की तिथूनच पुढे बोलू लागतो. किन्हीराजात रस्त्याच्या कडेला पाडलेल्या प्लॉटांवरची ही सोळा घरं. सगळ्यांत मिळून एक बोअर, पाच हजार लिटरची एक टाकी आणि दर महिन्याला घरामागे दोनशे रुपये वर्गणी. नोंदणी नाही, शिक्का नाही. माझ्या बहिणीचं घर रांगेत चौथं, म्हणून मी इथे बसलो आहे.

जुने खजिनदार काकाजी सातरंजीवर आलेले नाहीत. ते स्टार्टरच्या पेटीला पाठ टेकून उभे आहेत आणि पेटीची चावी त्यांच्या बंडीच्या खिशात आहे. दिवाळीनंतर नवी समिती निवडली, खजिनदार बदलला. चावी मात्र बदलली नाही, वहीही नाही. मोटर कधी लावायची, कोणत्या घराचा कॉक कधी उघडायचा, हे अजून तेच ठरवतात.

आजची बैठक शेवटच्या घरामुळे आहे. तिथे एक विधवा बाई आणि तिची दोन लेकरं राहतात. चार दिवसांपासून त्यांचा कॉक बंद आहे. काकाजींचं म्हणणं, दोन महिन्यांची वर्गणी थकली.

"म्या तं तुमच्याच हाती देल्ली व्हती काकाजी," बाई उभी राहून सांगते. आवाज कापतो, पण ती खाली बसत नाही. "पोयाच्या आदल्या दिवशी. चारशे रुपये."

"वहीत असन तं असन."

"मंग वही दाखवा ना."

काकाजी गप्प. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. आणि नेमक्या त्या क्षणी मागून एक पोरगा ओरडतो, "दाखवतीन कसे? खाल्ले असन पैसे!"

एकदम कल्ला उठतो. काकाजींचा चेहरा काळाठिक्कर पडतो. ते पेटीपासून सुटतात, चपला शोधतात. "पैसे खाल्ले म्हन्ता? मले? तुमच्या घरी पानी कोनं आनलं रे? दोन भोकं कोरडी गेली. अडीचशे फुटावरबी नुसता फुफाटा उडे. गाडीवाला म्हने, चाललो मी वापस. त्याच्या पाया पडलो मी. तवा तुहा बाप घरी झोपला व्हता!"

हे खरं आहे. बहीण मला हळूच सांगते की तिसरी बोअर लागली त्या रात्री काकाजी मशीनपाशी उभे होते आणि गाडीवाल्याला द्यायचे कमी पडलेले पैसे त्यांनी स्वतःच्या सोयाबीनच्या पट्टीतून भरले. इथल्या काळ्या बेसाल्टमध्ये पाणी पसरून राहत नाही. ते फटीत, भेगेत सापडतं, आणि दहा हातांवर शेजाऱ्याला लागलेलं पाणी आपल्याला लागेलच असं नसतं. अशा जमिनीत ज्यानं पाणी काढून दिलं, त्याला त्या पाण्यावर आपला हात असावा असं वाटतं. मला ते वाटणं समजतं. पण शेवटच्या घराचा कॉक बंद करण्याचा अधिकार त्यातून निघत नाही, आणि हे आज कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणायलाच हवं.

नवी खजिनदार उठते. शिवणकाम करणारी, तिशीतली, दुसऱ्या घरची सून. पदर डोक्यावर घेते आणि आधी त्या पोराकडे वळते.

"तू पायलं का खाताना?"

पोरगा खाली पाहतो.

"नाही ना पायलं? मंग शब्द वापस घे. आत्ता. सगळ्याईसमोर."

तो पुटपुटतो. ती त्याला मोठ्यानं म्हणायला लावते. तो म्हणतो. मग ती काकाजींकडे वळते. "मामाजी, बसा जी. तुम्ही गेले तं सभा कायची?"

काकाजी बसत नाहीत, पण चपला पायात सरकवायचे थांबतात.

पुण्यात आमच्या सोसायटीत असाच एक माजी अध्यक्ष होता. कपाटाची किल्ली, सभांची इतिवृत्तं, लिफ्टच्या देखभालीचे करार, सगळं त्याच्या घरात. आमच्या पाठीशी कायदा होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 160 सांगतं की नवा अध्यक्ष निवडून आला की मावळत्या अध्यक्षानं दप्तर आणि मालमत्ता त्याच्या ताब्यात द्यावी. त्यानं नाकारलं तर निबंधक आदेश काढू शकतो. दप्तर दडवलं किंवा नष्ट केलं जाण्याची भीती असेल तर कलम 80 खाली निबंधकाला कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जप्तीसाठी जाता येतं. आम्ही उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज टाकला, दप्तर मिळालं. तो माणूस आणि आम्ही अजून एकाच लिफ्टमधून भिंतीकडे पाहत वर जातो. इथे तर निबंधकाचं दारच नाही. नोंदणीच नाही, तर अर्ज कशाचा करणार? आणि इथं भिंतीकडे पाहून भागत नाही. रात्री कुणाच्या घरी साप निघाला तर हाक काकाजींनाच जाते.

खजिनदार बाई एक नवं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडते. पहिल्या पानावर लिहिते आणि लिहिलेलं वाचून दाखवते. बोअर कुणाच्या पुढाकारानं झाली, दोन भोकं कोरडी गेल्यावर तिसऱ्याचा धीर कुणी दिला, पैसे कुणी भरले. काकाजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कुणी टाळ्या वाजवत नाही. म्हातारे मान हलवतात.

इतकी वर्षं हे कुणी लिहिलंच नव्हतं. काकाजींनी काम केलं आणि आम्ही पाणी भरलं, असं बहीणही मान्य करते. हिशेबही त्यांना कुणी कधी विचारला नाही. दर महिन्याला विचारला असता तर त्यांना तो रीतीचा भाग वाटला असता. सात वर्षांत पहिल्यांदा, तेही पदावरून उतरल्यावर विचारला, म्हणून तो त्यांना आरोप वाटतो. या भांडणातली निम्मी चूक सातरंजीवर बसलेल्यांची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

"आता पान्याचं," बाई म्हणते आणि गणित मांडते. सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरलं आहे. तेच माप आपण धरू. सोळा घरांत माणसं 76. शहात्तर, पंचावन्न असं कुणीतरी बोटांवर करू लागतं, तोवर ती सांगून मोकळी होते, "चार हजार एकशे ऐंशी. टाकी पाच हजाराची. रोज एक टाकी भरली तं सगळ्याईले पुरते, वरून बकऱ्याईलेबी. म्हंजे पानी कमी नाही. कॉक बंद करायची पाळीच नाही."

"अन् वर्गनी नाही देल्ली तं?" काकाजी विचारतात. पहिल्यांदाच चढ्या आवाजाशिवाय.

"तं सभेत इचारू. घरी जाऊन इचारू. पानी नाही तोडायचं. उन्हाया हाय मामाजी, लेकरं हायेत."

हात वर होतात. मी मोजत नाही, पण वर न गेलेला एकच हात दिसतो. तो बंडीच्या खिशापाशी आहे.

बराच वेळ तसाच जातो. एक ट्रक, मग दुसरा. मग काकाजी चावी काढतात. बाईच्या हातात देत नाहीत, रजिस्टरवर ठेवतात. ती उचलायला जाते तोच म्हणतात, "थांब. नुसती चावी घेऊन जायशीन का? मोटर जाळशीन पहिल्याच दिवशी."

आणि मग ते बोलू लागतात, आणि खरी सभा इथून सुरू होते. बोअरला चाळीस मिनिटं पाणी येतं, मग तुटतं. तुटल्यावर मोटर चालू ठेवली की ती कोरडी फिरते आणि वाइंडिंग जळतं. म्हणून चाळीस मिनिटांनी बंद, तासभर दम, मग पुन्हा. मे महिन्यात चाळीसची तीस मिनिटं होतात. व्होल्टेज कमी असताना बटण दाबायचं नाही, काटा पाहायचा. मोटर नुसती गुणगुणली आणि उचलली नाही तर आधी कॅपॅसिटर बघायचा, लगेच बोअरमधून पाइप उपसायचे नाहीत. तिसऱ्या घरासमोर मेन लाइनला जुना जोड आहे, सगळे कॉक एकदम बंद केले की तो सुटतो.

यातलं काहीही त्या वहीत नसणार, हे मला ऐकताना कळतं. सगळे वही मागत होते आणि सात वर्षांची बोअर एका माणसाच्या डोक्यात होती. तो आज रुसून घरी गेला असता तर चावी कुलूप तोडूनही मिळाली असती, हे मिळालं नसतं.

बाई भराभर लिहिते आहे. "हळू सांगा मामाजी."

"तीस लिहिलं का? मेमंधी तीस."

"लिहिलं."

ओरडणारा पोरगा पेटीपाशी आला आहे. काकाजी त्याला बोलावत नाहीत आणि हाकलतही नाहीत. काटा कुठे असावा हे बोट ठेवून दाखवतात, तेव्हा तोही वाकून पाहतो.

शेवटच्या घराचा कॉक उघडायला दोन पोरं पळतात.

"अन् वही?" बाई विचारते.

"घरी हाय. पाहून देतो. जोडून पाहा लागन."

"कवा?"

"देतो ना."

"तारीक सांगा मामाजी."

काकाजी निंबाकडे पाहतात, बहुधा मनात वार मोजतात. "इतवारी."

ती लिहिते. रविवारची तारीख, त्याखाली 'जुनी वही व शिल्लक रक्कम येणे बाकी', त्याखाली 'विधवा भगिनीचे चारशे रुपये वही पाहून ठरवणे'. मोठ्यानं वाचते.

"बाकी कायले लिवतं? देतो म्हन्लं ना मी."

"देल्ल्यावर मीच खोडीन. तुमच्यासमोर."

ती पेन पुढे करते. काकाजी ओळ पुन्हा एकदा वाचायला लावतात, 'बाकी' या शब्दावर बोट ठेवून तिच्याकडे पाहतात. ती शब्द खोडत नाही. ते सही करतात, खाली तारीख टाकतात, आणि पहिल्यांदाच सातरंजीवर बसतात. बाई पान उलटून पुढचा विषय वाचते: या महिन्याचं वीजबिल.